मागच्या सीटवरचा माणूस : हेल्मेट, साडी गार्ड, लहान मुलं आणि विमा

कोयनाकाठ

दुचाकीच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की सगळी चर्चा चालवणाऱ्याभोवती फिरते. त्याचं हेल्मेट, त्याचा वेग, त्याचं लायसन्स. मागे बसलेली आई, बायको किंवा शाळेला निघालेलं पोर यांच्यासाठी कायदा काय म्हणतो, हे विचारायला गेलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. म्हणून हा धागा.

हेल्मेट मागच्यालाही सक्तीचं आहे का, आणि मुलांना कितव्या वर्षापासून? साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बाईसाठी गाडीवर काय हवं? थर्ड पार्टी विम्यात मागचा माणूस धरला जातो का? आणि डबलसीट जाताना गाडीत काय बदलायचं? माझं मत आधीच सांगतो: गाडी घेताना जितका विचार मायलेजचा होतो, त्याच्या निम्मा तरी मागच्या सीटचा व्हायला हवा. जाणकारांनी सविस्तर लिहावं, अंदाजपंचे नको.

कलमबहाद्दर

कायद्याचं मी सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२९. चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला, चालवणारी असो वा मागे बसणारी, सार्वजनिक जागी हेल्मेट सक्तीचं. पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला सूट आहे. हेल्मेट पट्ट्याने डोक्याला नीट बांधलेलं असावं, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे पट्टा लोंबकळत ठेवून नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट कायद्याच्या दृष्टीने घातलेलं नाहीच.

दंड कलम १९४ ड प्रमाणे १००० रुपये आणि तीन महिने लायसन्स अपात्र. ट्रिपल सीटला १९४ क, तिथेही १००० आणि तीन महिने. जागेवर तडजोड करून भरायची रक्कम कलम २०० खाली राज्य सरकार ठरवतं, त्यामुळे चलानावरचा आकडा आणि कायद्यातला आकडा वेगळे दिसले तर गोंधळू नका.

मुंबईत मागच्याच्या हेल्मेटची कारवाई जून २०२२ पासून सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यभरातल्या वाहतूक पोलिसांना सूचना गेली की चालक आणि मागे बसणारा यांच्यावरची कारवाई ई-चलान यंत्रात वेगवेगळी नोंदवावी. कलम मात्र त्याआधीपासूनच होतं.

साधा_स्वार

कायदा मान्य, पण गावातल्या गावात, तीसच्या वेगात, मंडईपर्यंत जायला मागच्या बाईलाही फुल फेस? जरा अति वाटतं. हायवेला सक्ती करा, गल्लीत कशाला?

स्पॅनर१३

@साधा_स्वार, गाडीचा वेग क्षणभर बाजूला ठेवा. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी उभी असताना तो नुसता मागे कलंडला तरी डोकं जमिनीला लागताना वेग ताशी १९-२० किलोमीटर होतो. वर्गमूळात २ गुणिले ९.८ गुणिले १.५, उत्तर सेकंदाला किती मीटर असं येतं, त्याला ३.६ ने गुणून बघा. गाडीचा वेग यात अजून धरलेलाच नाही. आणि कवटीसमोर आहे डांबर किंवा पेव्हर ब्लॉक.

शिवाय चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं, खड्डा त्याला आधी दिसतो. मागच्याला काहीच दिसत नाही. गतिरोधकावर मागची बाई उडून पडते ती गल्लीतच, हायवेवर नाही.

अनघा_म

+१ स्पॅनर१३. आता साडीबद्दल.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ सगळ्यांनी वाचावा. मागच्या माणसासाठी तीन गोष्टी गाडीला असायलाच हव्यात: धरायला पक्का बसवलेला हातधरा, पाय ठेवायला फूटरेस्ट, आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं आवरण, कपडे अडकू नयेत म्हणून. हे आवरण म्हणजेच आपलं साडी गार्ड. ते डीलरने प्रेमाने दिलेलं ज्यादा सामान नाही. 'लूक बिघडतो' म्हणून काढून टाकणारी मंडळी नियमातला भाग काढून टाकतात.

धोका कसा होतो ते सांगते. ओढणी किंवा पदर वाऱ्याने मागे जातो, चाकाच्या आऱ्यांत किंवा चेन आणि स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) मध्ये सापडतो. चाक फिरत असतं, त्यामुळे कापड गुंडाळलं जायला सेकंदही लागत नाही. ओढणी गळ्याभोवती असेल तर गळाच आवळला जातो. म्हणून ओढणी गळ्यातून काढून कमरेला बांधायची किंवा सरळ पिशवीत टाकायची. पदर पुढे घेऊन कमरेला खोचायचा. बुरखा, लांब रेनकोट, पोंचो यांनाही हेच लागू. पावसाळ्यात पोंचो घालून मागे बसूच नये, दोन भागांचा रेनसूट घ्यावा.

गार्ड घेताना जाळीची भोकं बघा. मूठभर कापड आत जाईल इतकी मोठी असतील तर उपयोग नाही. बोल्ट वॉशर लावून घट्ट करा. सैल गार्ड कंपनाने चाकावर घासतं, मग गॅरेजवाला ते काढून हातात देतो आणि ते परत कधी बसत नाही.

दुर्वांकुर

एका बाजूला बसणं कायद्याने चालतं का पण?

कलमबहाद्दर

@दुर्वांकुर, कलम १२८ एवढंच म्हणतं की चालकाशिवाय एकच व्यक्ती, ती चालकाच्या सीटच्या मागे, गाडीला घट्ट बसवलेल्या योग्य सीटवर. पाय दोन्हीकडे टाकूनच बसा असं त्या कलमात लिहिलेलं नाही.

पण 'सीटच्या मागे' हे शब्द लक्षात ठेवा. पोराला टाकीवर बसवणं, स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभं करणं, हे या कलमात बसत नाही. आणि 'एकच व्यक्ती' यात लहान मूलही आलं. नवरा, बायको आणि मध्ये मूल, हे तिघं कायद्याला तिघंच. केरळने २०२३ मध्ये लहान मुलापुरती सवलत केंद्राकडे मागितली होती, ती मिळाली नाही.

अनघा_म

चालतं आणि बरं आहे, यात फरक आहे. एका बाजूला बसलं की वजन डावीकडे जातं, चालवणारा नकळत उजवीकडे कलतो. डाव्या वळणावर मागची बाई आणखी बाहेर झुकते. गाडी अचानक पुढे निघाली तर तिला रोखायला पाठीमागे काही नसतं. जमेल तिने पंजाबी ड्रेस किंवा सलवार घालून दोन्हीकडे पाय टाकून बसावं. नऊवारी नेसणाऱ्या बायकांना तर कासोट्यामुळे हे सहज जमतं, अडचण सहावारीची आहे.

एका बाजूलाच बसायचं असेल तर दोन्ही पाय फूटरेस्टच्या पट्टीवर टेकलेले हवेत, लोंबते नकोत. उजव्या हाताने चालवणाऱ्याची कंबर, डाव्या हाताने मागचा हातधरा. मांडीवर पिशवी घेऊन दोन्ही हात त्यात गुंतवू नयेत. चढताना चालवणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबलेला, आणि तोंडाने 'बसा' म्हटल्यावरच चढायचं. चढायचं डावीकडून, कारण सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे असतो आणि पोटरी भाजण्याच्या जखमा तिथूनच होतात.

मांडवीपार

गोव्यात मोटारसायकल पायलट, म्हणजे भाड्याने मागे बसवून नेणारा, हा रीतसर धंदा आहे, पिवळं पुढचं मडगार्ड असलेल्या गाड्या सगळ्यांनी पाहिल्या असतील. रोज नवा माणूस मागे बसणार, त्याला बसण्याची सवय आहे की नाही माहीत नाही. त्यामुळे 'कंबर धर, वळणावर माझ्या खांद्यावरून बघ, उलट बाजूला झुकू नको' हे तीन वाक्यांत सांगण्याची पद्धत आपणही घरी लावून घ्यायला हरकत नाही. नवखा माणूस घाबरून वळणाच्या उलट झुकतो आणि गाडी वळायला नकार देते. चालवणाऱ्याच्या आतल्या खांद्यावरून पुढे पाहिलं की शरीर आपोआप योग्य बाजूला जातं.

भिजलेला_रस्ता

गाडीच्या तयारीचं कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

पहिलं टायरमधली हवा. चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) स्टिकर असतो, त्यावर एकट्याचा आणि दोघांचा आकडा वेगळा दिलेला असतो. बऱ्याच १०० ते १२५ सीसी गाड्यांत मागच्या चाकाला एकट्यासाठी २८-२९ पीएसआय आणि दोघांसाठी ३६ ते ४० असतो. पुढच्याचा सहसा बदलत नाही. पंपावरचा मुलगा न विचारता 'पुढे पंचवीस, मागे तीस' मारतो. दोघांच्या वजनाला मागे तीस कमी पडतात: टायरच्या बाजू जास्त वाकतात, तापतात, वळणावर मागचं चाक पोहल्यासारखं होतं. हवा थंड टायरला मोजायची, दहा किलोमीटर पळवून आल्यावर नाही.

टायर बघताना बाजूवर चार आकडी कोड शोधा. २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३ वा आठवडा. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, टीडब्ल्यूआय ही झीज दाखवणारी खूण बाजूला असते. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर बदला, मग तो कितीही 'अजून चालेल' वाटो.

दुसरं, मागचे शॉकअप. जोड शॉकअप असतील तर खाली पायऱ्यांची रिंग असते, बहुतेकदा पाच टप्पे. टूलकिटमधल्या हुक पान्याने दोन्ही बाजू सारख्याच टप्प्यावर फिरवा. एक तीनवर आणि दुसरा चारवर ठेवला तर गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते. मागे वजन आलं की गाडी मागून बसते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, तो स्क्रूने खाली घ्या.

तिसरं, चेन. मागे माणूस बसला की स्विंगआर्म वर जातो आणि बहुतेक गाड्यांत चेन आणखी ताणली जाते. स्टँडवर आधीच ताठ असलेली चेन मग बेअरिंग आणि स्प्रॉकेट खाते, कधी तुटते. मॅन्युअलमध्ये दिलेली ढील ठेवा, बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर. चाक फिरवून सगळ्यात ताठ जागी मोजायची.

स्पॅनर१३

ब्रेकचं जोडतो. दोघं असताना वजन मागे जास्त असतं, त्यामुळे एकट्याने चालवताना मागच्या ब्रेकचा जो वाटा असतो त्यापेक्षा आता जास्त. पण म्हणून पुढचा सोडायचा नाही. दोन्ही एकदम, आधी हलके आणि मग वाढवत. अचानक पुढचा आवळला तर मागचा माणूस चालवणाऱ्याच्या पाठीवर येतो, त्याचे हात हँडलवर ढकलले जातात आणि नेमकं तेव्हाच सुकाणू हलतं.

ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. प्रतिक्रियेचा एक सेकंद गेला की १७ मीटर गेले, ब्रेक त्यानंतर लागणार. दोघं असताना पुढच्या वाहनापासून तीन सेकंदांचं, म्हणजे या वेगात ५० मीटरचं अंतर ठेवा. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. पहिल्या पावसाचा पहिला अर्धा तास सगळ्यात वाईट, रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून थर होतो. रंगवलेले पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि पुलाच्या जोडपट्ट्या यांवर ब्रेक मारायचाच नाही.

गतिरोधकाचं तंत्र वेगळं आहे. ब्रेक आधी मारून संपवायचा, पुढचं चाक चढायच्या क्षणी सोडायचा. ब्रेक दाबून चढलं की पुढचा शॉकअप आधीच दबलेला असतो, मग सगळा धक्का मागच्याच्या मणक्याला बसतो. म्हातारं माणूस मागे असेल तर आधी आवाज द्या, 'उंचवटा आला'.

साधा_स्वार

एबीएस असेल तर इतकं सगळं कशाला लक्षात ठेवायचं? १२५ च्या वरच्या गाड्यांना सक्तीचंच आहे की.

भिजलेला_रस्ता

१ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरच्या सगळ्या गाड्यांना एबीएस, त्याखालच्यांना किमान सीबीएस. बरोबर. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. रस्त्याची पकड ते वाढवत नाही. आणि बऱ्याच गाड्यांत ते एकाच चाकाला, पुढच्या, असतं. मागचं चाक जाम होऊन घसरू शकतं. सीबीएस म्हणजे एका ब्रेकने दुसराही थोडा लागतो, जाम होण्यापासून ते वाचवत नाही.

घाटात, म्हणजे वरंधा, ताम्हिणी, आंबोली, कुंभार्ली, उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा ब्रेक घ्या. न्यूट्रल करून उतरणं बंद करा. दोघांच्या वजनाला ड्रम ब्रेक सतत घासत राहिला की तापतो आणि पकड सोडतो. ओढ्याचं पाणी ओलांडलं की थोडं अंतर ब्रेक हलके दाबत चला, लायनर सुकतात. डिस्कवाल्यांनी ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावं, ते हवेतली ओल शोषतं.

नाकाबंदी

मुलांचं राहिलं. केंद्राने १५ फेब्रुवारी २०२२ ला नियम १३८ मध्ये भर घातली, वर्षभराने ती लागू झाली. चार वर्षांखालच्या मुलाला नेताना त्याला चालवणाऱ्याशी जोडणारा सेफ्टी हार्नेस हवा, नऊ महिन्यांवरच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि गाडीचा वेग ताशी ४० च्या वर नको. हार्नेस म्हणजे मुलाला घालायचं जॅकेट आणि त्याला जोडलेले पट्टे, चालवणाऱ्याने खांद्यात अडकवायचे. तो ३० किलो वजन पेलणारा, हलका, जलरोधक असावा. घरची ओढणी बांधून हे काम होत नाही. गाठ सुटते किंवा घसरते.

चार वर्षांवरच्या मुलाला हार्नेसची सक्ती नाही, पण पाय फूटरेस्टपर्यंत पोचत नसतील तर त्याला दुचाकीवर नेऊच नये, हे माझं ठाम मत. लोंबता पाय आऱ्यांत जातो, टाचेची कातडी आणि हाडही जातं. पोरांच्या टाचेच्या या जखमा हाडांच्या डॉक्टरांना चांगल्या ओळखीच्या आहेत. इथे पुन्हा अनघाताईंचं साडी गार्डच कामाला येतं, मूल ज्या बाजूला पाय टाकेल त्या दोन्ही बाजूंना जाळी हवी.

दुर्वांकुर

मागच्याचं हेल्मेट घेताना काय बघायचं? आईला कुठलंच बसत नाही, अंबाडा आडवा येतो.

अनघा_म

@दुर्वांकुर, अंबाडा सोडून मानेपाशी सैल वेणी घालायला सांगा, हेल्मेट वेणीच्या वरून बसतं. डोक्याचा घेर भुवयांच्या वर साधारण एक इंच टेपने मोजा, ५६० मिलिमीटर आला तर तेवढंच घ्या. एक माप मोठं घेऊ नका. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावून मागून हेल्मेट वर-पुढे ढकला. डोक्यावरून निघून आलं तर ते नको. पट्टा आणि हनुवटी यांत एक बोट जाईल इतकीच जागा.

आयएसआय खुणेवर आयएस ४१५१ आणि खाली सीएम/एल लायसन्स नंबर असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकताच येत नाही, तरी रस्त्याकडेला ढीग लागलेले असतात. आत थर्मोकोलसारखा जाड थर नसेल तर ती प्लास्टिकची टोपी आहे. काळी काच रात्री नको.

नाकाबंदी

नवी गाडी घेताना आयएसआय हेल्मेट देणं नियम १३८(४)(एफ) प्रमाणे उत्पादकावर बंधनकारक आहे. डीलरकडे मागा.

कलमबहाद्दर

आता विमा, जो सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे.

दुसऱ्या वाहनाच्या चुकीने अपघात झाला तर मागे बसलेला माणूस त्या वाहनाच्या दृष्टीने थर्ड पार्टी, त्याच्या विम्यातून भरपाई मिळते. प्रश्न येतो तो आपल्याच चालकाची चूक असेल तेव्हा. तुमची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी, म्हणजे 'लाएबिलिटी ओन्ली' असेल, तर मागचा माणूस त्यात धरला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या तिलक सिंग खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टीसोबत आपल्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या विम्यात, तो येतो. शिवाय 'अननेम्ड पॅसेंजर' असा वैयक्तिक अपघात विमा थोड्या ज्यादा हप्त्यात मिळतो, तो मागून घ्या.

सापळा कुठे आहे? सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. गाडीच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. तो संपतो, लोक समजतात 'आपला विमा अजून चार वर्षं आहे'. पॉलिसी काढून बघा आणि मागच्या प्रवाशाचं काय, हे कंपनीला लेखी विचारा. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा फक्त मालकासाठी, तोही लायसन्स असेल तर. गिअरविना गाडीचं लायसन्स असलेल्याने गिअरची गाडी चालवली तर दाव्यात अडचण येते.

मांडवीपार

अवांतर, पण जवळचंच: पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीवर भाड्याने बसणाऱ्यांनी विचार करावा. खासगी विमा भाड्याच्या प्रवाशाला लागू होत नाही. महाराष्ट्राने जुलै २०२५ मध्ये बाइक टॅक्सीचे नियम आणले, त्यात फक्त इलेक्ट्रिक गाड्यांना परवानगी आहे. इलेक्ट्रिक व्यावसायिक गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी असतात, खासगीची अक्षरं पांढरी. बसण्याआधी पाटी बघा.

नाकाबंदी

अपघात झालाच तर: ११२ किंवा १०८. मागचा माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. श्वास अडत असेल तरच, दोघांनी: एकाने मान आणि जबडा खालून धरायचा, दुसऱ्याने कडा बाहेर फाकवत सरळ काढायचं. मदत करणाऱ्याला कलम १३४ अ चं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही. मे २०२५ च्या केंद्राच्या योजनेत नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचार मिळतात. भरपाईचा दावा कलम १६६(३) प्रमाणे सहा महिन्यांत, तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं. मागच्याने हेल्मेट घातलं नाही तर लायसन्स कुणाचं जातं? मागच्याकडे लायसन्सच नसलं तर?

कलमबहाद्दर

चालवणाऱ्याचं. कलम १९४ ड चे शब्दच असे आहेत की कलम १२९ मोडून जो गाडी चालवतो किंवा चालवू देतो, त्याला दंड आणि अपात्रता. मागे बसलेल्या आजीकडे लायसन्स असण्या-नसण्याचा संबंधच नाही. कॅमेऱ्याचं चलान मालकाच्या नावावर येतं. गाडी दुसऱ्याने नेली असेल तर कलम १३३ प्रमाणे चालकाचं नाव मालकाने सांगायचं असतं.

साधा_स्वार

स्पॅनर१३ यांचं दीड मीटरचं गणित पटलं, मागचं हेल्मेट घेतो. पण दुसरं हेल्मेट दिवसभर ठेवायचं कुठे? खरी अडचण तीच असते सगळ्यांची.

स्पॅनर१३

बऱ्याच गाड्यांना सीटखाली किंवा सीटच्या कुलपाशी हेल्मेट अडकवायचा हुक असतो. पट्ट्याची कडी त्यात टाकून सीट बंद केली की कुलूप लागतं. हुक नसेल तर नंबरचं केबल लॉक घ्या, मागच्या हातधऱ्यातून ओवून दोन्ही हेल्मेटं एकत्र बांधा. पट्ट्यातून ओवू नका, पट्टा कापून नेतात. हनुवटीच्या भागातून आणि काचेच्या फटीतून केबल काढा. चालू गाडीवर रिकामं हेल्मेट कोपरात किंवा आरशावर लटकवू नका, आरशाच्या टोकाने आतला थर दबतो. पेट्रोलच्या टाकीवरही ठेवू नका, पेट्रोल तो थर विरघळवतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला.